खांडीचा भोंगा

खारचिरीच्या मारुतीच्या देवळावर एक भोंगा आहे. हाताने फिरवायचा, लोखंडी, तीन कोसांवरच्या गडब गावापर्यंत ऐकू जाणारा. एकोणनव्वदच्या पुरानंतर गावाने तो आणला, त्याच्यापुढे नारळ फोडला आणि फिरवायचा मान कमळाकरला दिला. मान म्हणजे ज्याचा पगार मिळत नाही असं काम, हे कमळाकरला तेव्हा माहीत नव्हतं. आता तो बासष्टचा होता आणि त्याला चांगलंच माहीत होतं.

भोंगा होता खांडीसाठी. खारचिरी खाडीच्या काठावर. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला भातशेत, मध्ये चिखलाचा बांध. उधाणाच्या भरतीला खाडीचं पाणी शेतापेक्षा पुरुषभर उंच असतं. ते शेतात येत नाही याचं कारण एवढंच, की बांध मध्ये उभा आहे. बांध फुटला की म्हणायचं खांड गेली. मग खारं पाणी आत शिरतं आणि तीन वर्षं त्या जमिनीत भाताचा दाणा होत नाही. म्हणून भोंगा झाला की घरटी एक माणूस घमेलं-कुदळ घेऊन बांधावर. ताट वाढलेलं असो, हळद लागलेली असो. जो येणार नाही त्याच्या दारात संध्याकाळी गाव चिखलाची एक पाटी ओतून जाई. बोलणं नाही, भांडण नाही, नुसती पाटी. ती ज्याच्या दारात पडली त्याच्या घरी पुढे दोन वर्षं सोयरीक जमत नसे.

पण शेवटची खांड जाऊन वीस वर्षं झाली होती. कमळाकर रोज बांधावर फिरायचा, खेकड्यांची बिळं बुजवायचा, पाणी सोडायच्या उघाडीची झडप तपासायचा. त्यामुळे खांड जात नव्हती. त्यामुळे गावाला वाटू लागलं होतं की खांड जातच नाही.

याच सुमारास सरपंच जगनला एक रील दिसली.

जगन रोह्याला कंपनीत होता. चहाच्या सुट्टीत तो मोबाइल बघत बसला असता त्यात घाटावरचं कुठलंसं गाव आलं. संध्याकाळी तिथे भोंगा वाजतो, सगळी पोरं मोबाइल बंद करून अभ्यासाला बसतात आणि मागे सनई वाजते. जगनने ती रील अकरा वेळा पाहिली. तोपर्यंत शिफ्ट संपली.

"पोरं बिघडली," जगनने ग्रामसभेत सांगितलं. "मान वर नाय, डोळा वर नाय. जेवताना मोबाइल, मोरीत मोबाइल. आपल्याला काय तरी करायला पायजे." सभेने माना हलवल्या. ज्यांना मोबाइलमुळे ऐकू आलं नव्हतं त्यांनीही हलवल्या.

ठरलं असं: रोज संध्याकाळी सात ते नऊ आणि रविवारी दुपारी एक ते तीन, अठराच्या आतल्या सर्वांनी आपापले मोबाइल देवळातल्या पत्र्याच्या पेटीत जमा करायचे. पेटीची किल्ली जगनची आई धोंडुबाई हिच्या कमरेला. एक लांब भोंगा झाला की अभ्यासाला बसायचं, दोन तोकडे भोंगे झाले की उठायचं. मध्ये जो उठेल त्याचं नाव देवळाच्या फळ्यावर. मोठ्यांना नियम नाही, कारण मोठ्यांचे मोबाइल कामाचे असतात.

"पण हा भोंगा खांडीचा हाय," कमळाकर म्हणाला.

"काका, शेवटची खांड कधी गेली?"

"वीस वर्षं झाली."

"म्हंजे वीस वर्षं भोंगा बसून खातोय," जगन म्हणाला. सभा हसली. कमळाकर हसला नाही. खांड गेली तर काय, हे त्याने तीनदा विचारलं. तिसऱ्यांदा विचारेपर्यंत विषय क्रमांक चार सुरू झाला होता.

"तेव्हा पण भोंगाच वाजवा की," कुणीतरी मागून म्हणालं. "कोण नको म्हणतो?"

झालं. तेव्हापासून कमळाकर गावाची घंटा झाला. सातला फिरव, नऊला फिरव. एक मिनिट उशीर झाला की घराघरातून आवाज, "कमळाकरकाका, झोपलाव काय?" पहिल्या आठवड्यात नुसता हात दुखला. दुसऱ्या महिन्यात त्याच्या लक्षात आलं, की भोंगा झाला की आपल्या छातीत पूर्वी जो गोळा यायचा तो आता येत नाही. हे त्याने बायकोला, बायजाबाईला सांगितलं. बायजाबाई म्हणाली, "बरं झालं, रक्तदाब वाढायचा नाय."

*

नवरात्राची दुसरी माळ, रविवार. कमळाकर सकाळपासून बांधावर होता. बाराच्या सुमाराला त्याची नात मालू भाकरी घेऊन आली. मालू दहावीत. नाव पणजीचं, त्यामुळे शाळेत ती एम. के. लावायची आणि घरी मालू ऐकून घ्यायची.

"आज भरती किती वाजता, आजा?"

"आज बीज, म्हंजे तिथ दोन. दोनाची पाऊणपट, दीड."

मालूने मोबाइल काढला. "एक सत्तावीस."

"मंग तेच ना."

"तेच नाय, तीन मिनिटांचा फरक हाय."

"तीन मिनिटांत समुद्र काय पोशाख बदलतो?"

"आजा, तुमचं जुनं झालं," मालू म्हणाली आणि लगेच, "पण बरोबर येतं, मान्य." ही पोरगी अशी होती. मोबाइल हातातून सुटायचा नाही, पण बांधावर रोज यायची. कमळाकरला तिच्यावर चिडायचं की नाही ते ठरवता येत नसे, म्हणून तो दोन्ही करायचा.

भाकरीचा तुकडा मोडता मोडता त्याला आवाज आला. शेताच्या बाजूने, गवतात, कुणी चूळ भरावी तसा. तो उठला. उघाडीपासून पन्नास पावलांवर बांधाच्या अंगातून पाणी येत होतं. खेकड्याचं बीळ. आधी मनगटाएवढं, तो पोचेपर्यंत मांडीएवढं. त्याने बोटावर घेऊन चाखलं. खारं.

"मालू," तो म्हणाला, "खांड जाते गो."

भात फुलोऱ्यातून नुकतं दाण्यावर आलं होतं. समोरची पहिली दोन खाचरं त्याची स्वतःची, त्यामागे अख्ख्या गावाची. भरतीला अजून सव्वा तास होता, म्हणजे पाणी अजून सव्वा तास चढणारच होतं. दोन माणसांचं काम नव्हतं. चाळीस माणसांचं होतं.

मालूने तोवर फोटो काढून गावाच्या ग्रुपवर टाकलासुद्धा. ग्रुपचं नाव 'आपली खारचिरी', माणसं दोनशे बारा. खाली लिहिलं: 'बांध फुटतोय. लवकर या.'

पहिलं उत्तर अर्ध्या मिनिटात आलं. अंगठा. मग हात जोडलेले. मग सखाकाकांचं, 'वा, निसर्गरम्य.' मग तीन फुलं. मग कुणीतरी लिहिलं, 'दहावीचं वर्ष आहे, मोबाइल जमा कर.' त्याला सतरा अंगठे.

"येतायत?" कमळाकरने विचारलं.

"नाय," मालू म्हणाली. "आवडलंय त्यांना."

कमळाकर धावला. बासष्टाव्या वर्षी शेताच्या बांधावरून धावणं हे पाहण्यासारखं असतं, पण पाहायला कोणी नव्हतं. देवळावर चढून त्याने भोंग्याचा दांडा धरला आणि वीस वर्षं साठवलेला जीव त्यात घातला. लांब, लांब, लांब. साडेबारा वाजले होते.

गावात काय झालं ते त्याला वरून दिसलं. खटाखट टीव्ही बंद झाले. अंगणात क्रिकेट खेळणारी पोरं बॅट टाकून देवळाकडे आली, रांगेत मोबाइल पेटीत टाकले आणि घरोघरी जाऊन पुस्तकं उघडून बसली. दोन मिनिटांत खारचिरी एवढी शांत झाली की खाडीचा आवाज ऐकू यावा. गेल्या चार महिन्यांत नियम इतका चोख कधी पाळला गेला नव्हता.

"आज अर्धा तास आधी?" धोंडुबाई पायरीवरून ओरडली. "तुझं घड्याळ पुढं गेलं काय रे?" आणि धापा टाकत आलेल्या मालूच्या हातातला मोबाइल काढून तिने पेटीत टाकला, कुलूप लावलं.

"धोंडूआजी, अगो ऐक..."

"नियम म्हंजे नियम. माझ्या नातवाचा पण आतच हाय."

कमळाकरने खिशातून आपला बटणांचा फोन काढला. सखाला लावला, वाजला, उचलला नाही. बायजाबाईला लावला, वाजला, कापला. आणखी चौघांना लावला. त्या दुपारी खारचिरीतल्या एकाही मोठ्या माणसाने फोन उचलला नाही, आणि त्याला कारण होतं. ते सगळे कामात होते. रोह्याला एका मंडळाने जगनचा सत्कार ठेवला होता, 'मोबाइलमुक्त पिढीचे शिल्पकार' म्हणून. तो मोबाइलवर थेट दिसत होता आणि गाव बघत होतं.

मालू घरोघर पळाली. तिच्यामागे कमळाकर. सखा ओट्यावर मोबाइल पाण्याच्या तांब्याला टेकवून बसला होता.

"सखा, खांड गेली!"

"थांबा काका, आता शाल घालतायत."

"अरे खांड! भोंगा झाला तो ऐकलास ना?"

"ऐकला की. पोरगा आत बसलाय अभ्यासाला."

"तो अभ्यासाचा नव्हता! खांडीचा होता!"

सखाने क्षणभर मान वर केली. प्रश्न रास्त होता, म्हणून त्याने विचारला. "मंग खांडीचा कसा वाजतो?"

कमळाकरने तोंड उघडलं. खांडीचा लांब वाजतो. अभ्यासाचाही लांब वाजतो. त्याने तोंड मिटलं.

"आणि खरंच गेली असती तर ग्रुपवर आलं असतं," सखा म्हणाला आणि शालीकडे वळला.

आतून सखाचा पोरगा पोपट दारात आला, नववीतला, हातात भूगोल. "आजा, मी येऊ? पण उठलो तर फळ्यावर नाव लावतात."

"तुला भोंगा कशाचा ते ठाऊक नाय?"

"अभ्यासाचा," पोपट म्हणाला. "आणखी कशाचा असतो?"

कमळाकर तिथेच रस्त्यावर बसला. त्याला राग नक्की कोणाचा आला ते सांगणं कठीण. पोराचा नव्हे, पोर शेवटच्या खांडीनंतर पाच वर्षांनी जन्मलं होतं. भोंगा म्हणजे घमेलं हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं, भोंगा म्हणजे पुस्तक हे मात्र गावाने ठराव करून शिकवलं होतं, आणि वाजवून दाखवायला कमळाकर स्वतः उभा होता. दिवसातून दोनदा. रविवारी चारदा.

"आजा," मालू म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण आवाजात नव्हतं. "हे भोंगा ऐकून बसतात ना? मंग उठतात कशाने?"

कमळाकरने तिच्याकडे पाहिलं.

"दोन तोकडे," ती म्हणाली. "सुटीचे. मोबाइल परत मिळतात तेव्हाचे. वाजवा ना! तेव्हा कोणी घरात थांबत नाय."

*

धोंडुबाईला मात्र खरं सांगावं लागलं. तिने ऐकलं, आणि कमळाकरला वाटलं ही आता नियम सांगणार. पण धोंडुबाई सदुसष्टची होती.

"खांड?" ती म्हणाली. "कुठं?"

"उघाडीपाशी."

"आधी नाय सांगायचं, मेल्या? मी समजले घड्याळ पुढं गेलं!" तिने लुगड्याचा काष्टा घट्ट केला. मग पेटीकडे पाहिलं. "पण कुलूप मी तीनच्या आधी उघडायची नाय."

"उघडू नको," मालू म्हणाली. "अख्खी पेटीच बांधावर ने."

धोंडुबाईने तिच्याकडे एक नजर टाकली. अशी नजर तिने सुनेवर बावीस वर्षांत टाकली नव्हती. मग पदराची चुंबळ केली, छत्तीस मोबाइलांची पत्र्याची पेटी डोक्यावर घेतली आणि चालू लागली. किल्ली कमरेला वाजत होती.

वर कमळाकरने दोन तोकडे भोंगे दिले.

खारचिरीच्या प्रत्येक दारातून पोर सुटलं. पुस्तक पडलं तर पडलं, चप्पल राहिली तर राहिली. देवळापाशी आले तर पेटी नाही. "पेटी कुठंय? पेटी कुठं गेली?" मालूने बोट दाखवलं. दूर शेतांमधून एक पेटी हवेत चालली होती, खाली धोंडुबाई. पोरं तिच्यामागे सुटली. ज्या पोरांना पालक अंगणातून पाणी आणायला सांगत तर ऐकू येत नसे, ती पोरं पाऊण मैल उन्हातून धावली आणि एकानेही कुरकुर केली नाही.

धोंडुबाईने पेटी बांधावर, खांडीच्या पलीकडच्या अंगाला ठेवली आणि तिच्यावर बसली.

"खांड भरली की किल्ली," ती म्हणाली.

पोरं खांडीकडे बघत राहिली. आता ती हातभर रुंद झाली होती आणि पाणी तिच्यातून बैल सुटावा तसं येत होतं. कमळाकरची दोन खाचरं पांढरट दिसत होती.

"हे आतलं भात..." पोपट म्हणाला.

"जाईल," मालू म्हणाली. "माझ्या आजाचं गेलं. मागचं तुझं."

तेव्हा कुठे पोरांनी पेटीकडे बघणं थांबवलं.

मागोमाग कमळाकर पोचला आणि उघाडीच्या खोपटात खांडीसाठी कायम ठेवलेलं कुदळी, घमेली, गोण्या, बांबू, पेंढा असं सगळं त्याने बाहेर काढलं. पुढचा अर्धा तास तो आयुष्यात जेवढा ओरडला नव्हता तेवढा ओरडला. कुदळ उलटी धरलेली. चिखल पाण्यात सोडायचा तर पाण्यावर फेकलेला. पेंढा घाला म्हटलं तर "पेंढा म्हंजे कोणता?" भाताच्या गावातली पोरं! तो कपाळ बडवायला गेला तर हाताला चिखल होता, तो कपाळाला लागला. तेवढ्यात पोपटने घमेलं उलटं ठेवलं, त्यावर उभा राहिला आणि मोबाइलवरच्या ज्या खेळापायी त्याच्या बापाने त्याला तीनदा मारलं होतं त्या खेळाच्या भाषेत सुरू झाला.

"मागून सप्लाय! लाइन तोडायची नाय! मालू, तू लेफ्ट कव्हर! गोण्या आधी, चिखल नंतर! कोणी मरायचं नाय!"

"हे काय बोलतंय पोर?" धोंडुबाईने विचारलं.

"देवाला ठाऊक," कमळाकर म्हणाला. पण साखळी लागली होती. चिखलाचा गोळा या हातातून त्या हातात, त्या हातातून पुढच्या. छातीभर पाण्यात उतरून कमळाकरने बांबू ठोकले, मालूने पेंढा कोंबला, वरून गोण्या आल्या. पोरं एकमेकांना नावाने नाही, भलत्याच टोपणनावांनी हाका मारत होती, आणि प्रत्येक गोळा जागेवर पडत होता. आपल्या बापाने पन्नास माणसं लावून याहून वाईट साखळी लावली होती, असं कमळाकरला वाटून गेलं. ते त्याने कुणाला सांगितलं नाही.

दीडला पाणी थांबलं. पावणेदोनला उतरू लागलं.

गाव वाचलं. कमळाकरची दोन खाचरं गेली. तो काठावर बसून लोंब्यांवरून हात फिरवत होता, तेव्हा मालू शेजारी येऊन बसली. मोबाइल परत मिळून दहा मिनिटं झाली होती. तो तिने अजून चालू केला नव्हता.

इतरांनी केला होता. खांडीचा, चिखलाचा, धोंडुबाईचा फोटो ग्रुपवर गेला. तेवढ्यात रोह्याचा सत्कारही आटोपला. सव्वादोनला मोठी माणसं बांधावर आली, छत्र्या घेऊन, मोबाइल उंच धरून.

"काय झालं? काय झालं?" सखा म्हणाला. "भोंगा का नाय वाजवलात?"

कमळाकर उठला, रिकामी पाटी उचलली आणि ओल्या चिखलाने भरू लागला.

"आजा, खांड भरली की," मालू म्हणाली.

"व्हय. आता दारं भरायची."

त्याने पोरांना जुनी रीत सांगितली. पोरांनी ती अशी ऐकली की एकानेही दोनदा सांगायला लावली नाही. शाळेत कोणता धडा त्यांनी असा ऐकला असेल?

संध्याकाळी छत्तीस पोरं पाट्या घेऊन गावात शिरली. पहिली पाटी कमळाकरने स्वतःच्या दारात ओतली. बायजाबाई बाहेर आली. "हे काय?"

"मी फोन केला तो कापलास."

"हार घालत होते रे तेव्हा," बायजाबाई म्हणाली. ती या गावची सून होती. पाटी तिला कळत होती. पोपटने सखाच्या दारात ओतली, म्हणजे आपल्याच दारात. सखा ओट्यावर उभा राहून नुसता बघत होता. मोबाइल त्याच्या हातात होता, पण त्याने फोटो काढला नाही.

शेवटचं घर जगनचं. तिथे कोण ओतणार म्हणून पोरं अडली. धोंडुबाईने मालूच्या हातातली पाटी घेतली आणि स्वतःच्या उंबऱ्यात रिकामी केली.

जगन सातच्या गाडीने उतरला. अंगावर शाल, काखेत नारळ, हातात काचेचं सन्मानचिन्ह. अंधारात त्याचा पाय घोट्यापर्यंत आत गेला.

"कोणी केलं हे?" तो ओरडला. "आई, कोणी केलं?"

"पाय धुऊन आत ये," धोंडुबाई आतून म्हणाली.

*

ग्रामसभा गुरुवारी भरली. दोन तास चर्चा झाली. भोंगे दोन असावेत, एक असावा पण सूर वेगळा असावा, ग्रुपचा एक उपग्रुप काढावा, असं बरंच सुचलं. शेवटी खांड शक्यतो अभ्यासाच्या वेळेत जाऊ नये याची दक्षता कमळाकर यांनी घ्यावी, असं एकमताने ठरलं.

रविवारी एक वाजला. भोंगा झाला नाही. सव्वा वाजला. कमळाकरच्या खिशातला बटणांचा फोन वाजू लागला. सखा. मग आणखी कोणी. मग जगन, रोह्याहून. मग बायजाबाई. त्या दुपारी त्याला एकवीस फोन आले.

त्याने एकही उचलला नाही. हात चिखलात होते. भोंग्याचा दांडा त्याने काढून आणला होता आणि तो बांधावर, पत्र्याच्या पेटीशेजारी पडला होता. नवमी होती, भरती लहान, पाणी बांधाच्या पायालाही येणार नव्हतं. बिळं बुजवायला हेच दिवस.

"आजा," पोपट खाली वाकून म्हणाला, "हे खेकड्याचं की उंदराचं?"

"खेकड्याचं. एवढं कळत नाय?"

"मोबाइल असता तर बघितलं असतं."

"हात घालून बघ."

पोपटने हात घातला, आणि त्याच्या ओरडण्यावरून सगळ्यांना कळलं की खेकड्याचंच होतं.